क्रॉप केलेलं चित्र सेव्हनंतर बिघडतं तेव्हा: निदान, दुरुस्ती आणि चाचणी

स्लाइडवर फोटो टाकला, नको असलेला भाग क्रॉप केला, फाइल सेव्ह करून बंद केली. पुन्हा उघडली तर माणसं उभट आणि बारीक झालेली, नाहीतर फोटो इतका जवळ आलेला की नुसते गाल दिसताहेत. पॉवरपॉइंटची फाइल लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये उघडून परत पॉवरपॉइंटकडे पाठवली, गूगल स्लाइड्समधून उतरवली, किंवा एखाद्या फाइल बारीक करणाऱ्या टूलमधून काढली की हा प्रकार जास्त दिसतो.

असं दिसलं की सगळ्यात आधी सेव्हपासून हात लांब ठेवा. डिस्कवरची फाइल अजून धडधाकट असू शकते; चूक ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमची असेल. तुम्ही सेव्ह दाबलं की तीच चूक फाइलमध्ये लिहिली जाते आणि मग मूळ क्रॉप कुठेच उरत नाही. ऑटोसेव्ह चालू असेल तर तो बंद करा, फाइल सेव्ह न करता बंद करा, तिची एक प्रत काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. फाइल वनड्राइव्हवर असेल तर ‘व्हर्जन हिस्टरी’तून आधीची आवृत्तीही उतरवून ठेवा, कारण क्रॉपचे खरे आकडे शोधायला ती लागणार आहे.

क्रॉप म्हणजे चार आकडे

प्रेझेंटेशनमध्ये क्रॉप करताना चित्र कापलं जात नाही. फाइलमध्ये अख्खं चित्र राहतं आणि सोबत चार आकडे लिहिले जातात: डावीकडून, वरून, उजवीकडून आणि खालून किती झाकायचं. चित्राच्या चौकटीचा आकार तिसऱ्याच ठिकाणी असतो. चित्र, चार आकडे आणि चौकट या तीन गोष्टींची सांगड तुटली की बिघाड दिसतो. ती तुटायच्या तऱ्हा मोजक्याच आहेत: आकडे हरवतात, दोनदा लागू होतात, किंवा भलत्याच मापावरून मोजले जातात.

पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या फाइलमध्ये हे आकडे ‘एसआरसीरेक्ट’ नावाच्या टॅगमध्ये असतात. त्यात एल, टी, आर, बी अशी चार गुणनामं (ॲट्रिब्यूट), म्हणजे डावी, वरची, उजवी आणि खालची बाजू. मूल्यं टक्क्याच्या हजाराव्या भागात: २५००० म्हणजे २५ टक्के, १००००० म्हणजे पूर्ण. चौकटीचा आकार ‘ईएक्सटी’ टॅगमध्ये सीएक्स आणि सीवाय या नावांनी ईएमयू एककात असतो. १ सेंटिमीटर म्हणजे ३६०००० ईएमयू, १ इंच म्हणजे ९१४४००. जुन्या पीपीटी फॉरमॅटमध्ये हेच क्रॉप ६५५३६ ला पूर्ण धरून लिहितात, त्यामुळे तिथले २५ टक्के म्हणजे १६३८४.

नुसतं बघून निदान

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. डावीकडून २५, उजवीकडून १५, वरून १० आणि खालून १० टक्के क्रॉप. रुंदीचे ६० टक्के आणि उंचीचे ८० टक्के उरले, म्हणजे २४०० बाय २४०० पिक्सेलचा चौरस. स्लाइडवर त्याची चौकट १० बाय १० सेंटिमीटर.

आता आकडे हरवले, पण चौकट तीच राहिली असं समजा. ४:३ चा अख्खा फोटो चौरसात कोंबला जातो. माणसं बारीक आणि उंच दिसतात, आणि झाकलेला भागही दिसायला लागतो. हा ‘हरवलेला क्रॉप’.

दुसरी शक्यता: प्रोग्रॅमने फोटो खरोखर कापून २४०० बाय २४०० चा केला, पण चार आकडे पुसायला विसरला. पुढच्या वेळी त्या कापलेल्या फोटोवर तेच आकडे पुन्हा लागू होतात. १४४० बाय १९२० पिक्सेलचा उभा तुकडा उरतो आणि तो चौरसात ताणला जातो. माणसं जवळ आलेली आणि आडवी सुजलेली दिसतात. हा ‘दुहेरी क्रॉप’. दर सेव्हला फोटो आणखी जवळ येत असेल तर वेगळं निदान करायची गरजच नाही.

बारीक की सुजलेलं, हे मात्र चौकटीच्या प्रमाणावर ठरतं. तुमच्या फाइलमध्ये क्रॉप मुख्यतः वरून-खालून असेल तर चित्र उलटं दिसेल: हरवलेल्या क्रॉपमध्ये माणसं बुटकी, दुहेरीत ताणून उंच. म्हणून खरी खूण म्हणजे झाकलेला भाग दिसतोय की दिसायला हवा तो भागही गायब झालाय, हे बघणं. चारही बाजूंनी सारख्या टक्क्यांत क्रॉप असेल तर प्रमाण बदलतच नाही. फोटो फक्त दूर किंवा जवळ वाटतो, आणि अशा फायली बिनबोभाट पुढे जातात.

फाइल उघडून खात्री

पीपीटीएक्स ही खरं तर झिप फाइल आहे. प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा किंवा सेव्हन-झिपमध्ये थेट उघडा. (विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू केल्याशिवाय नाव बदलाल तर ‘झिप’ नुसतं नावालाच जोडलं जाईल.)

१. ‘पीपीटी’ फोल्डरमधल्या ‘स्लाइड्स’मध्ये जा. तिथे प्रत्येक स्लाइडची एक एक्सएमएल फाइल, म्हणजे टॅगांनी लिहिलेली मजकुराची फाइल, असते. फाइलच्या नावातला क्रमांक आणि स्लाइडचा क्रम जुळेलच असं नाही. स्लाइडा वरखाली केल्या असतील तर सातवी स्लाइड ‘स्लाइड३’ फाइलमध्येही सापडू शकते. स्लाइडच्या शीर्षकातला एखादा शब्द शोधून योग्य फाइल गाठा.

२. त्या फाइलमध्ये ‘ब्लिप’ टॅग शोधा. त्याच्या ‘एम्बेड’ गुणनामात आरआयडी आणि पुढे आकडा असा संकेत असतो. तो कोणत्या चित्राचा, हे शेजारच्या ‘_रेल्स’ फोल्डरमधल्या त्याच स्लाइडच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

३. ‘पीपीटी’मधल्याच ‘मीडिया’ फोल्डरमधून ते चित्र बाहेर काढून बघा.

४. ‘ब्लिप’नंतर ‘एसआरसीरेक्ट’ आहे का आणि त्यात काय लिहिलंय, ते टिपून घ्या.

मीडियातल्या चित्राचे पिक्सेल मोजून निष्कर्ष काढू नका. पॉवरपॉइंटमधल्या सेव्हनंतर ४००० बाय ३००० चा फोटो कदाचित १४४४ बाय १०८३ चा दिसेल आणि तुम्हाला वाटेल, झालं, कापला. तसं नसतं. ‘डू नॉट कॉम्प्रेस’चा पर्याय निवडलेला नसेल तर पॉवरपॉइंट सेव्ह करताना रेझोल्यूशन उतरवू शकतं. १० सेंटिमीटरच्या चौकटीत ६० टक्के रुंदी म्हणजे अख्ख्या फोटोची रुंदी १६.६७ सेंटिमीटर, आणि २२० पीपीआयने (दर इंचाला २२० पिक्सेल) तिचे साधारण १४४४ पिक्सेल होतात. तेव्हा प्रमाण बघा. ४:३ असेल तर फोटो अख्खा आहे, १:१ असेल तर कापलेला.

एवढ्यावरून चित्र स्पष्ट होतं. फोटो ४:३ आणि आकडे जागेवर असतील तर फाइल ठीक आहे, दाखवणारा प्रोग्रॅम चुकतोय. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा नव्या आवृत्तीत उघडा. फोटो ४:३ आणि आकडे नाहीत, म्हणजे हरवलेला क्रॉप. फोटो १:१ आणि आकडेही आहेत, म्हणजे दुहेरी. फोटो १:१ आणि आकडे नाहीत, तर स्लाइड बरोबर दिसेल, पण झाकलेला भाग कायमचा गेला. तो हवा असेल तर मूळ फोटो किंवा जुनी आवृत्ती शोधण्यावाचून इलाज नाही.

दुरुस्ती, एक्सएमएलला हात न लावता

हरवलेल्या क्रॉपसाठी सर्वात झटपट उपाय: पॉवरपॉइंटमध्ये फोटो निवडा, ‘पिक्चर फॉरमॅट’ टॅबवर ‘क्रॉप’खालचा बाण दाबा आणि ‘फिल’ निवडा. चौकट जागची हलत नाही, फोटो मूळ प्रमाणात येतो आणि मधोमध क्रॉप होतो. आपल्या उदाहरणात डावी-उजवीकडून १२.५ टक्के झाकले जातील. मग क्रॉपच्या अवस्थेतच आतला फोटो ओढून बसवा. शेजारी ‘फिट’ आहे, तो घेऊ नका. त्याने अख्खा फोटो चौकटीत मावतो आणि रिकाम्या पट्ट्या येतात.

अगदी पूर्वीसारखं हवं असेल तर फोटोवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट पिक्चर’ पट्टी उघडा आणि चित्राच्या चिन्हाखाली ‘क्रॉप’ गाठा. तिथे ‘पिक्चर पोझिशन’मध्ये अख्ख्या फोटोची रुंदी, उंची आणि दोन ऑफसेट असतात. हिशेब असा: रुंदी १० भागिले ०.६०, म्हणजे १६.६७ सेंटिमीटर. उंची १० भागिले ०.८०, म्हणजे १२.५. ऑफसेट मध्यबिंदूपासून मोजतात. दिसणाऱ्या भागाचा मध्य फोटोच्या डाव्या कडेपासून ५५ टक्क्यांवर येतो (२५ अधिक ६० चे निम्मे), फोटोचा स्वतःचा मध्य ५० वर. म्हणजे फोटो १६.६७ च्या ५ टक्के डावीकडे सरकवायचा: ऑफसेट एक्स उणे ०.८३ सेंटिमीटर. वर-खाली क्रॉप सारखा असल्यामुळे ऑफसेट वाय शून्य.

दुहेरी क्रॉपवर ‘रीसेट पिक्चर अँड साइज’ करा. क्रॉप निघून जातो, मग आकार पुन्हा १० बाय १० करा. पण आधी मीडियातला फोटो कापलेला असल्याची खात्री झालेली हवी. तो अख्खा असेल तर रीसेटने हवे असलेले आकडेही जातील.

पन्नास स्लाइडा असतील तेव्हा

मग एक्सएमएलच सोपं पडतं. स्लाइडची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून हरवलेल्या क्रॉपसाठी ‘एसआरसीरेक्ट’ टॅग टाका, मूल्यं २५०००, १००००, १५०००, १००००. जुन्या आवृत्तीत टॅग शाबूत असेल तर तिथून उचलून आणा. दुहेरीसाठी तोच टॅग काढून टाका. जागा महत्त्वाची: आधी ‘ब्लिप’, मग ‘एसआरसीरेक्ट’, मग ‘स्ट्रेच’. क्रम चुकला की पॉवरपॉइंट फाइल ‘रिपेअर’ करायला मागतं आणि त्या दुरुस्तीत चित्र उडू शकतं. ‘ब्लिप’ला स्वतःची पोटटॅग असतात (एसव्हीजी चित्रांना तर असतातच), तेव्हा नवा टॅग ‘ब्लिप’ बंद झाल्यानंतर टाकायचा, त्याच्या पोटात नाही.

बदललेली फाइल सेव्हन-झिपच्या खिडकीत ओढून जुन्यावर टाका. सगळं उलगडून नव्याने झिप करायचंच असेल तर बाहेरचं फोल्डर नव्हे, त्याच्या आतलं सामान निवडून झिप करा. ‘कंटेंट टाइप्स’ ही फाइल झिपच्या अगदी वरच्या पातळीवर नसेल तर प्रेझेंटेशन उघडणारच नाही.

ओडीपीचं दुखणं वेगळं

ओडीपी, म्हणजे लिबरऑफिस इम्प्रेसच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये क्रॉप टक्क्यांत नसतो, लांबीत असतो. स्टाइलमधल्या ‘क्लिप’ गुणनामात चार अंतरं लिहितात, आणि क्रमही निराळा: वर, उजवी, खाली, डावी. ही अंतरं चित्राच्या मूळ मापावर धरलेली असतात, आणि ते माप डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला किती पिक्सेल धरायचे यावर ठरतं.

आपला फोटो ३०० डीपीआयचा धरला तर त्याचं मूळ माप ३३.८७ बाय २५.४ सेंटिमीटर. क्रॉप होईल वरून २.५४, उजवीकडून ५.०८, खालून २.५४, डावीकडून ८.४७. आता कोणीतरी तोच फोटो दुसऱ्या टूलने बारीक केला, पिक्सेल तेवढेच ठेवले, पण डीपीआयची नोंद उडाली. प्रोग्रॅम ९६ धरतो, मूळ माप १०५.८३ सेंटिमीटर होतं, आणि तेच ८.४७ सेंटिमीटर आता २५ ऐवजी फक्त ८ टक्के झाकतात. क्रॉप हरवला नाही, ढिला पडला. उलट दिशेने झालं तर क्रॉप चित्र गिळून टाकतो. म्हणून ओडीपीच्या ‘पिक्चर्स’ फोल्डरमधली चित्रं बाहेरच्या टूलने बदलायची झाली तर पिक्सेल आणि डीपीआय दोन्ही जसेच्या तसे ठेवा. बिघडलेलं चित्र दुरुस्त करायचं तर इम्प्रेसच्या क्रॉप चौकटीत चार अंतरं नव्याने भरा. ‘कीप इमेज साइज’ निवडलं तर चौकट तीच राहते.

हमखास अडखळण्याच्या जागा

‘क्रॉप टू शेप’ने गोल किंवा षटकोनी केलेली चित्रं सगळ्यात नाजूक. काही प्रोग्रॅम अशा चित्राला उघडताना ‘चित्र भरलेला आकार’ बनवतात, आणि त्या रूपांतरातच दुहेरी क्रॉप जन्माला येतो. आकारात ‘पिक्चर फिल’ केलं असेल तर ‘एसआरसीरेक्ट’सोबत ‘स्ट्रेच’च्या आत ‘फिलरेक्ट’चेही चार आकडे असतात, एक वाचला आणि दुसरा सोडला की चित्र सरकतं.

उणे आकडेही कायदेशीर आहेत. क्रॉपची कड चित्राच्या बाहेर ओढली की तिथे रिकामी जागा येते आणि मूल्य उणे होतं. उणे म्हणजे चूक समजून ते शून्य करणारे प्रोग्रॅम चित्र ताणून ठेवतात.

एकच चित्र दहा स्लाइडांवर वेगवेगळं क्रॉप केलेलं असेल तर मीडियात बहुधा एकच फाइल असते आणि दहाही स्लाइडा तिच्याकडे बोट दाखवतात. एखाद्या टूलने ती एका स्लाइडपुरती कापली की बाकीच्या नऊ बिघडतात. एका जागी ठीक आणि दुसऱ्या जागी बिघाड दिसला तर आधी हेच तपासा.

‘स्ट्रिक्ट ओपन एक्सएमएल’ प्रकारात मानकानुसार मूल्य २५००० असं नसून टक्के चिन्हासह २५% असं असतं. फक्त जुनी रीत वाचणारा प्रोग्रॅम तिथे गोंधळतो. खास गरज नसेल तर नेहमीच्या पीपीटीएक्समध्ये सेव्ह करा.

चाचणीचं चित्र

एखादा प्रोग्रॅम किंवा टूल क्रॉप नीट सांभाळतं का, हे खऱ्या फोटोंवर तपासणं अवघड जातं. १००० बाय १००० पिक्सेलचा चौकटीचा कागद बनवा: १० बाय १० घरं, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली १ ते १०० आकडे. मग डावीकडून १०, वरून २०, उजवीकडून ३० आणि खालून ४० टक्के क्रॉप करा. चारही आकडे मुद्दाम वेगळे. चौकट १२ बाय ८ सेंटिमीटरची ठेवा.

बरोबर असेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यात २२, खालच्या उजव्या कोपऱ्यात ५७ आणि प्रत्येक घर चौरस. २४ ने सुरुवात झाली तर डावी-उजवी अदलाबदल. ४२ ने झाली तर वर-खाली. १ ते १०० सगळे आणि घरं आडवी, तर क्रॉप हरवला. आडवी साडेतीनच्या आसपास आणि उभी दीडच्या आसपास घरं उरली, तर दुहेरी.

हे चित्र एका फाइलमध्ये सहा रूपांत ठेवा: साधं, गोल आकारात, ९० अंश फिरवलेलं, आडवं उलटवलेलं, आकारात भरलेलं, आणि पुन्हा साधंच पण वेगळ्या क्रॉपने. उलटवलेल्यात २२ उजव्या वरच्या कोपऱ्यात यायला हवा, कारण क्रॉप आधी लागतो, आरसा नंतर. फाइल सेव्ह करा, बंद करा, उघडा, आणि पुन्हा एकदा सेव्ह करून उघडा. दुसरी फेरी टाळू नका. दुहेरी क्रॉप पहिल्या सेव्हमध्ये बऱ्याचदा दिसत नाही.

झाकलेलं आणि खरंच गेलेलं

फाइल बाहेर देताना उलटी काळजी असते. क्रॉपखाली लपलेलं नाव, खाते क्रमांक किंवा चेहरा कोणीही दोन क्लिकमध्ये उघडा करू शकतो. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स’वर खूण करा आणि ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’वरची खूण काढा, म्हणजे सगळ्या चित्रांना लागू होईल. इम्प्रेसमध्ये ‘मिनिमाइझ प्रेझेंटेशन’ विझार्डमध्ये असाच पर्याय आहे. मग मीडिया फोल्डर उघडून डोळ्यांनी खात्री करा. नुसत्या खुणेवर विसंबू नका.

चित्र प्रेझेंटेशनमध्ये येण्याआधीच गडबड असू शकते. मार्च २०२३ मध्ये उघड झालेल्या ‘एक्रोपॅलिप्स’ दोषात गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअप टूलने आणि विंडोजच्या स्निपिंग टूलने क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये जुन्या चित्राचा शेपटाकडचा भाग तसाच राहत होता. त्या काळातले स्क्रीनशॉट स्लाइडवर घ्यायचे तर एकदा एखाद्या चित्र एडिटरमध्ये उघडून नव्या नावाने निर्यात करून घ्या.

बग नोंदवताना

तीनशे स्लाइडांची फाइल पाठवलीत तर ती उघडायचा कंटाळा कोणालाही येईल. एक स्लाइड, एक चित्र, तेही चाचणीचं. बिघडण्याआधीची फाइल आणि बिघडलेली फाइल, दोन्ही जोडा. एकीवरून काही कळत नाही. बरोबर दिसायला हवं तसं एक चित्र द्या. प्रोग्रॅमची पूर्ण आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम लिहा, आणि जुन्या आवृत्तीत ठीक चालत होतं असं माहीत असेल तर तीही. ‘एसआरसीरेक्ट’चे आधीचे आणि नंतरचे आकडे सोबत दिलेत तर दुरुस्त करणाऱ्याचं बरंच काम तुम्हीच केलेलं असतं. आणि लिबरऑफिसच्या बगझिलासारख्या सार्वजनिक ठिकाणी जोडलेली फाइल कोणीही उतरवू शकतो. खरा फोटो जोडलात तर झाकलेल्या भागासकट जोडलात.